डावं-उजवं

मशीन उघडतं, एक कव्हर पडतं.
गरम, तव्यावरून उतरलेल्या भाकरीइतकं,
पण वास भाकरीचा नाही.
कडेचा पापुद्रा मी पात्याने काढते,
डाव्या हाताने.
एका पाळीत अकराशे.

दार आपोआप ओढून घेणारा तो दांडा असतो ना,
बँकेत, एटीएममध्ये, डोळ्यांच्या दवाखान्यात,
त्याच्या अंगावर बसतं हे.
त्याचं तेल गळतं म्हणे लोकांच्या डोक्यावर,
पोरं स्क्रू पिळतात,
आणि धूळ तर काय,
एक्स्लो पॉइंटपासून त्र्यंबक नाक्यापर्यंत सगळ्यांचीच.

खैरनार साहेबांनी पहिल्या दिवशी शिकवलं:
दारं दोन जातींची. डावी आणि उजवी.
बिजागरी कुठल्या हाताला, त्यावरून.
आधी साचेही दोन होते, खोकीही दोन,
आणि फिटर नेमकं नको तेच घेऊन जिना चढायचा.
मग हा एकच साचा आला. खाच एका टोकाला.
डाव्या दाराला असं बसवा,
उजव्याला, उलटं करा.
संपलं.

एवढं सोपं होतं?

पळशाच्या शाळेत बाई
माझा डावा हात सुतळीने बाकाला बांधायच्या.
आत्या म्हणायची, या डावरीला कोण उजवणार?
उजवलं.
पंगतीत उजव्याने वाढायला शिकले.
आमटी निम्मी ताटात, निम्मी पाहुण्यांच्या मांडीवर.
सासऱ्यांनीच एकदा हळूच म्हटलं,
"डाव्याने वाढ गं. सांडत नाही तुझं."
सासूबाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मध्यंतरी शेठना वाटलं, कव्हरवर नाव हवं.
ठळक, उठावाचं. साच्यात कोरून घेतलं.
पाचशे नग निघाल्यावर
साहेबांनी एक उलटं करून भिंतीला धरलं.
म्हणजे गावातल्या निम्म्या दारांवर
शेठ शीर्षासनात.
मीटिंग झाली. चहा दोनदा गेला आत.
मी कप उचलताना म्हटलं,
"नावच काढा की."
कुणी ऐकलं नाही.
आठवड्याने काढलं.
त्या कल्पनेवर साहेबांना एक मेला डबा मिळाला,
स्टीलचा, तीन पुडांचा.
त्यात रोज मेथी आणतात.

पौषात सासरे सिव्हिलला होते.
आयसीयूबाहेर एकच बाक, बाकी चपलांची रांग.
थंडी अशी की लोक नुसते पेपर पांघरून बसलेले.
दार उघडायचं, कुणीतरी घाईने आत,
आणि मग ते मिटायचं सावकाश,
निजलेल्या बाळापासून आई उठते तसं,
शेवटच्या चार बोटांवर जरा थबकून.
आवाज नाही.
तिसऱ्या रात्री मान वर गेली.
राखाडी कव्हर. उलटं बसवलेलं.
खाचेपाशी पात्याचा तिरका ओरखडा.
यास्मिनचा सरळ येतो,
शेवंता ताहाराबादची, तिचा तर दिसतच नाही.
हा तिरका
उजव्या हाताने येऊच शकत नाही.

शेजारच्या बाई म्हणाल्या,
"काय बघताय मघापासून? देवाचा फोटो आहे का वर?"
"नाही. कव्हर आहे," म्हटलं.
त्यांनीही बघितलं.
थोडा वेळ आम्ही दोघी त्याच्याकडेच बघत बसलो.

मग दार उघडलं.
सिस्टर हातातला कागद वाचत म्हणाली,
"गायखेंचं कोण आहे?"
मी हात वर केला.
कुठला, ते आठवत नाही.